बाललसीकरणाविषयीच्या दृष्टिकोनातील प्रादेशिक व राजकीय भिन्नता : मराठवाड्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

हर्सूल हे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहराच्या उत्तरेस जळगाव रस्त्यावर वसलेले जुने गाव होय. तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि देवीचे मंदिर यांमुळे ते सर्वपरिचित आहे. या परिसरातील वयोवृद्ध स्त्री-पुरुषांच्या हातावर लहानपणी टोचलेल्या लसीचे गोल व्रण आजही दिसतात. त्यांविषयी विचारले असता ही माणसे 'लस घेतली' असे सहसा म्हणत नाहीत; 'देवी काढल्या होत्या' असे म्हणतात. गावोगाव फिरून लस टोचणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यास 'देवी डॉक्टर' असेच म्हटले जाई. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हा शब्द आता अपरिचित आहे. त्यांच्या आजी-आजोबांना मात्र तो ऐकताच बालपण आठवते.

रोग, रोगाची अधिष्ठात्री आणि रोगावरील प्रतिबंधक उपाय या तिन्ही गोष्टींसाठी मराठी समाजाने एकच शब्द वापरावा, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे. लसीकरणाला होणारा विरोध हा धर्मश्रद्धेतून किंवा अज्ञानातून जन्मतो, असे गृहीत धरण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु ज्या समाजाने परकीय लसीला स्वतःच्या देवीचे नाव दिले, त्या समाजात श्रद्धा आणि लस यांचे वैर मूलभूत होते असे म्हणणे कठीण आहे. मग एका प्रदेशात लस लवकर रुजली आणि शेजारच्या प्रदेशात उशिरा, एका काळात ती स्वीकारली गेली आणि दुसऱ्या काळात तिच्याविषयी संशय निर्माण झाला, याचे कारण कोठे शोधावे? प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा मराठवाड्याच्या विशेष संदर्भात विचार केला आहे.

२. उद्दिष्टे

१) मराठी भाषक प्रदेशातील बाललसीकरणाच्या इतिहासाचा राज्यव्यवस्थेच्या अंगाने आढावा घेणे.
२) मुंबई इलाखा आणि निजामी राजवटीतील मराठवाडा यांतील भेद तपासणे.
३) लसीचा 'नकार' आणि लसीचा 'अभाव' यांतील फरक स्पष्ट करणे.

३. गृहीतक व अभ्यासपद्धती

लसीकरणाविषयीचा दृष्टिकोन लोकांच्या धर्मापेक्षा शासनसंस्था त्यांच्या दारात कोणत्या स्वरूपात येते, यावर अधिक अवलंबून असतो, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून लसीकरणविषयक कायदे, गॅझेटिअर, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अहवाल आणि प्रकाशित इतिहासग्रंथ या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

४. मुंबई इलाखा : लस आणि कायदा

एडवर्ड जेन्नर याने इ. स. १७९६ मध्ये गोदेवीच्या लसीचा प्रयोग केला. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत ही लस बगदाद व बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती यशस्वीपणे टोचण्यात आली. भारतातील लसीकरणाचा आरंभ असा मराठी प्रदेशाच्या किनाऱ्यावर आणि एका बालिकेच्या दंडावर झाला. तिच्या दंडावरील फोडातील द्रव पुढे इतरांस टोचण्यासाठी वापरला गेला आणि अशाच साखळीने लस देशाच्या अन्य भागांत गेली.

इ. स. १८२७ मध्ये मुंबई इलाख्यात फिरत्या लस टोचणाऱ्यांची पद्धत सुरू झाली. ठरावीक गावांचे वर्तुळ आखून त्यात पगारी कर्मचाऱ्याने फिरावे आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच्या कामाची तपासणी करावी, असे तिचे स्वरूप होते. इतिहासात ती 'मुंबई पद्धत' म्हणून ओळखली जाते. लस टोचणारा माणूस दरवर्षी गावात येतो, पाटील-कुलकर्ण्यांना भेटतो, मागच्या वर्षीच्या मुलांचे व्रण पाहतो, या नित्यक्रमामुळे लसीविषयीची अनोळख हळूहळू कमी झाली असावी. 'देवी डॉक्टर' हा शब्द याच परिचयाची खूण आहे.

याचा अर्थ विरोध नव्हता असा नाही. प्रारंभीची पद्धत दंडाहून दंडास लस टोचण्याची होती. एका मुलाच्या फोडातील द्रव दुसऱ्या मुलास टोचावयाचा, तर तो कोणत्या जातीच्या मुलाचा, हा प्रश्न उपस्थित होई. ज्या मुलाचा फोड फोडावयाचा त्याच्या आईलाही आपल्या लेकराला पुन्हा त्रास होईल अशी भीती वाटे. पुढे वासराच्या अंगावर तयार केलेली लस आली, तेव्हा जातीचा प्रश्न मागे पडला. परंतु गोवंशास होणाऱ्या पीडेचा आक्षेप पुढे आला. हे आक्षेप केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारता येत नाहीत. दंडाहून दंडास लस टोचताना अन्य रोगांचा संसर्ग होण्याचा धोका खरा होता आणि तो वैद्यकशास्त्रानेही पुढे मान्य केला.

सक्तीचा टप्पा यानंतर आला. मुंबई शहरासाठी १८७७ चा लसीकरण कायदा, ब्रिटिश भारतातील नगरपालिका व छावण्यांसाठी १८८० चा कायदा आणि इलाख्यातील जिल्ह्यांसाठी १८९२ चा कायदा अशी ही मालिका आहे. १८८० चा कायदा विशेष लक्षणीय आहे. तो सर्वत्र एकाच वेळी लादला गेला नाही; नगरपालिकेच्या सभेने बहुमताने मागणी केल्यावर तो त्या गावी लागू करता येत असे. त्यात मुलांसाठी १४ वर्षांची, तर मुलींसाठी ८ वर्षांची वयोमर्यादा होती. मुलींच्या बाबतीत मर्यादा खाली आणण्यामागे तत्कालीन चालीरीतींचा विचार दिसतो. दुसरी उल्लेखनीय बाब अशी की, हे विधेयक कायदेमंडळात सर सय्यद अहमद खान यांनी मांडले होते. भारतातील सक्तीच्या बाललसीकरणाचे विधेयक एका प्रमुख मुस्लिम नेत्याने मांडले, ही गोष्ट आजच्या चर्चेत जवळजवळ विस्मृतीत गेली आहे.

५. मोगलाई : अभावाचा इतिहास

गोदावरीच्या दक्षिणेकडील नेवाशाचा परिसर इंग्रजी अमलाखालील अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात, तर उत्तर तीरावरील वैजापूर, गंगापूर हा मुलूख निजामाच्या राज्यात. पलीकडचे लोक अलीकडच्या मुलखास 'मोगलाई' म्हणत. दोन्ही तीरांवर भाषा एकच, शेती एकाच प्रकारची, जत्रा-यात्रा सामाईक, लेकी-सुनांची देवाणघेवाण अखंड. श्रावणातील शीतळा सप्तमी दोहोंकडे पाळली जाई. घरात देवी आल्या की फोडणी बंद करणे, दाराशी कडुनिंबाचा डहाळा लावणे, परक्या माणसास आत न घेणे हे नियमही सारखेच होते. धर्मश्रद्धा हेच लसीकरणाचे निर्णायक कारण असते, तर नदीच्या दोन्ही तीरांवर लसीकरणाचे प्रमाण सारखे असावयास हवे होते.

प्रत्यक्षात तसे नव्हते. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये जिल्हावार दर हजारी लसीकरणाच्या नोंदी आहेत. त्या पाहिल्या असता निजामी राज्यातील जिल्ह्यांचे प्रमाण मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांच्या तुलनेत कितीतरी पटींनी कमी असल्याचे दिसते. ब्रिटिश भारतातील लसीकरण कायदा निजामी मुलखास आपोआप लागू होत नव्हता. रोगप्रतिबंधासारखे खर्चिक आणि दरवर्षी करावे लागणारे काम खेड्यापर्यंत नेण्याइतकी यंत्रणाही तेथे उभी नव्हती.

येथे इतिहासलेखनातील एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. मुंबई इलाख्यात लसीकरण अधिक झाले आणि विरोधाच्या नोंदीही अधिक झाल्या. मोगलाईत लसीकरण कमी झाले. या कमी आकड्याचे वाचन 'मागास व श्रद्धाळू प्रजेने लस नाकारली' असे करण्याचा मोह होतो. परंतु नाकारण्यासाठी आधी लस दारात यावी लागते. जेथे देवी डॉक्टरच वर्षानुवर्षे फिरकला नाही, तेथील आईच्या दृष्टिकोनाविषयी लसीकरणाचा आकडा काहीही सांगत नाही. तो सांगतो तो शासनाच्या दृष्टिकोनाविषयी. नकार आणि अभाव यांची नोंद एकाच रकान्यात झाल्यामुळे मराठवाड्याच्या माथी जो 'उदासीनते'चा शिक्का बसला, त्याचे मूळ या गल्लतीत आहे.

६. राष्ट्रीय राजकारण आणि लस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लसीकडे पाहण्याच्या दृष्टीत राजकीय आशय आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात घरझडतीच्या वेळी सैनिकांकडून झालेल्या जुलमाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावरील हल्ल्यात झाली. त्याच साथीत रुग्णसेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. एकाच वर्षातील या घटना शेजारी ठेवल्या म्हणजे लक्षात येते की, लोकांचा रोष वैद्यकावर नसून घरात शिरणाऱ्या बुटांवर होता. प्लेगची लस बालकांपुरती नव्हती. परंतु सरकारी सुईविषयी जो संशय त्या काळात रुजला, त्याची छाया पुढील लसींवरही पडली.

महात्मा गांधींचा लसविरोध हा वेगळ्या प्रकारचा होता. इ. स. १९१३ मधील आपल्या आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी देवीच्या लसीस विरोध केला. गाईस होणारी पीडा, शरीरात बाह्य द्रव्य घालण्याविषयीची घृणा आणि निसर्गोपचारावरील विश्वास ही त्यामागील कारणे होती. स्वातंत्र्योत्तर काळात क्षयप्रतिबंधक बी. सी. जी. लसीची मोहीम सुरू झाली, तेव्हा १९५५ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी मद्रास प्रांतात तिच्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. हे दोघेही अज्ञानी नव्हते, दुर्बल घटकांतीलही नव्हते. लसविरोध हा केवळ निरक्षर समाजाचा गुणधर्म आहे, हे मत या दोन उदाहरणांनी बाधित होते. त्याचबरोबर आजचे वैद्यकीय ज्ञान लक्षात घेता, या प्रश्नावर या दोन थोर पुरुषांची भूमिका चुकीची ठरली, हेही स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.

जागतिक पातळीवरही हेच दिसते. इंग्लंडमध्ये १८५३ च्या सक्तीच्या कायद्यानंतर विरोध संघटित झाला. १८८५ मध्ये लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध प्रचंड निदर्शने झाली आणि अखेर १८९८ मध्ये सदसद्विवेकाच्या कारणावरून सूट देण्याची तरतूद करावी लागली. उत्तर नायजेरियातील कानो प्रांताने २००३-०४ मध्ये पोलिओ लसीकरण थांबविले. त्यामागे केंद्रीय सत्ता आणि पाश्चात्त्य राष्ट्रे यांविषयीचा राजकीय अविश्वास होता. लेस्टरमधील कामगार ख्रिस्ती होते, कानोतील पालक मुस्लिम होते. दोहोंतील समान सूत्र धर्म नसून शासनाशी असलेले नाते हे आहे.

७. स्वातंत्र्योत्तर मराठवाडा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९५६ मध्येच औरंगाबाद येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम हाती घेण्यात आला. भारतात देवीची गोठवून सुकवलेली लस ज्या मोजक्या संस्थांत तयार होई, त्यांत बेळगाव आणि हैदराबाद येथील संस्थांचा समावेश होता. मराठी माणसाने ज्या दोन सत्तांखाली शतकभर भिन्न अनुभव घेतला, त्या दोन्हींच्या जुन्या मुलखांत तयार झालेली लस आता एकाच राष्ट्रीय कार्यक्रमात वापरली जात होती. १९७५ च्या मे महिन्यात भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण आढळला आणि एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचे प्रमाणित झाले. संधी मिळताच मराठवाड्यातील समाजाने लस स्वीकारली, याची साक्ष येथील वृद्धांच्या हातांवरील व्रण देतात.

याच कालखंडात दुसरी एक घटना घडत होती. आणीबाणीच्या काळात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांसाठी सक्ती झाली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्यास राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. तथापि, आरोग्य कर्मचाऱ्याच्या गावातील आगमनाचा अर्थ त्या दोन वर्षांत बदलला. पुढे दोन दशकांनी पल्स पोलिओ मोहिमेत 'या थेंबांनी मुले वंध्य होतील' ही अफवा पसरली. तिच्यातील वैद्यकीय आशय सर्वथा खोटा होता. परंतु ती ज्या भयावर पोसली, त्या भयाला इतिहास होता.

इ. स. २००२ मध्ये देशात पोलिओचे १६०० रुग्ण आढळले. त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. महाराष्ट्रात २०१० मध्ये पोलिओचे ५ रुग्ण आढळले व मालेगावचे नाव त्या संदर्भात देशभर चर्चिले गेले. यंत्रमागांची दाट वस्ती, अपुरी स्वच्छता, स्थलांतरित मजूर आणि यंत्रणेविषयीचा अविश्वास या सर्वांचा विचार न करता अनेकांनी त्या शहराचा धर्म तेवढा पाहिला. प्रत्यक्षात चित्र बदलले ते स्थानिक डॉक्टर, शिक्षक, मौलवी आणि घरोघरी जाणाऱ्या स्त्रिया यांना मोहिमेत विश्वासाने सामावून घेतल्यानंतर. २७ मार्च २०१४ रोजी भारताचा पोलिओमुक्त प्रदेशात समावेश झाला.

८. आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १२ ते २३ महिने वयाच्या पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण १९९८-९९ मध्ये सुमारे ७८ टक्के होते. २००५-०६ मध्ये ते सुमारे ५९ टक्क्यांवर आले, २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ टक्के राहिले आणि २०१९-२१ मध्ये पुन्हा ७३ टक्क्यांच्या पुढे गेले. सात वर्षांत जवळजवळ वीस टक्क्यांची ही घट श्रद्धेने स्पष्ट होत नाही. एका पिढीच्या आतच महाराष्ट्रातील माता अधिक धर्मभोळ्या झाल्या आणि नंतर पुन्हा सुधारल्या, असे कोणी म्हणणार नाही. एकाच रोगाच्या मोहिमेवर शक्ती एकवटल्याने नियमित लसीकरण दुर्लक्षित झाले, असे एक मत आहे. ते एकमेव कारण मानता येणार नाही. परंतु कारण यंत्रणेच्या बाजूस शोधावे लागते, एवढे निश्चित.

मराठवाड्याच्या संदर्भात यास आणखी एक परिमाण आहे. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने विकासाचा जो अनुशेष मोजला, त्यात आरोग्यसेवांचाही समावेश होता. शिवाय बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे सहा-सहा महिने स्थलांतर करतात. बाळाचा पहिला डोस गावच्या उपकेंद्रात होतो आणि पुढच्या डोसाच्या वेळी आई पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या फडात कोयता चालवीत असते. तिचे लसीकरण कार्ड अपूर्ण राहते. या अपूर्णतेस 'पालकांची अनास्था' म्हणणे, ही शंभर वर्षांपूर्वीचीच चूक पुन्हा करणे होय.

९. सद्यःकालीन अनुभव

२७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. ती मुख्यतः शाळांमधून राबविली गेली. काही उर्दू शाळांतील पालकांप्रमाणेच काही इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांतील सुशिक्षित पालकांनीही शंका घेतल्या. पहिल्यांच्या शंकेस 'धार्मिक विरोध' आणि दुसऱ्यांच्या शंकेस 'जागरूकता' म्हणण्याचा दुटप्पीपणा टाळला पाहिजे. पालकांच्या संमतीचा प्रश्न जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढेही आला. पुढे २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि बालके दगावली. करोनाकाळात खंडित झालेले नियमित लसीकरण, दाटीची घरे आणि कुपोषण यांचा त्यात मोठा वाटा होता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात करोना लसीची किमान एक मात्रा घेतल्याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय रेशन, गॅस व पेट्रोल देऊ नये, असा आदेश जिल्हा प्रशासनाने काढला. त्या वेळी जिल्ह्यातील प्रमाण सुमारे ५५ टक्के, तर राज्याचे सुमारे ७४ टक्के होते. ही लस त्या टप्प्यावर प्रौढांसाठी होती. तरीही जुन्या मोगलाईतील हा जिल्हा मागे राहतो आणि त्यावरील उपाय म्हणून प्रथम सक्तीच आठवते, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकास अंतर्मुख करणारा आहे. साथीच्या काळात प्रशासनावरील ताण मोठा असतो, हे मान्य केले तरी रेशनच्या धान्याशी जोडलेली लस गरिबाच्या मनात कोणती स्मृती ठेवून जाते, याचा विचार पुढील बाललसीकरणाच्या दृष्टीने आवश्यक आहे. ज्या बापाने स्वतःची लस धाकाने घेतली, तोच उद्या मुलास घेऊन उपकेंद्रात येणार असतो.

१०. निष्कर्ष

१) मराठी प्रदेशातील लसीकरणाचे प्रादेशिक भेद धर्माच्या सीमेपेक्षा जुन्या राज्यांच्या सीमेशी अधिक जुळतात. गोदावरीच्या दोन तीरांवर श्रद्धा एकच होती. राजवट भिन्न होती.

२) 'नकार' आणि 'अभाव' या दोन भिन्न अवस्था आहेत. नकारास संवाद लागतो, अभावास यंत्रणा लागते. अभावाच्या ठिकाणी प्रबोधनाची भाषणे आणि नकाराच्या ठिकाणी केवळ लसींचा साठा पाठविणे, हे दोन्ही निष्फळ होय.

३) सक्तीने आकडा वाढू शकतो, विश्वास वाढेलच असे नाही. १८९७, १९७६ व २०२१ या तीन प्रसंगांकडे या दृष्टीने एकत्रितपणे पाहावयास हवे.

४) लसविरोधाची परंपरा सुशिक्षित व प्रतिष्ठित वर्गातही आहे. तिचे खंडन करावयाचे तर ते सर्व वर्गांत सारख्याच स्पष्टपणे केले पाहिजे. लसीने देवीसारखा रोग पृथ्वीवरून नाहीसा केला, हे सत्य सांगताना संकोच करण्याचे कारण नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांची यात एक मर्यादित पण निश्चित भूमिका आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत विद्यार्थी गावातील लसीकरणाचे सर्वेक्षण करतात. त्यांच्या प्रपत्रात 'लस घेतली / घेतली नाही' असे दोनच रकाने असतील, तर 'लस आलीच नाही' असा तिसरा रकाना जोडणे आपल्या हाती आहे. ज्या समाजाने एके काळी परक्या लसीला देवीचे नाव देऊन घरात घेतले, त्या समाजाविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी एवढी सावधगिरी अभ्यासकाने बाळगलीच पाहिजे.